डाव्या दिव्याची वायर

खोटं बोलणं पाप आहे हे या घरात लहानथोर सगळ्यांना तोंडपाठ होतं. पण दुसऱ्याला सांभाळून घेण्यासाठी बोललेल्या खोट्याचं काय करायचं, हे कधी कोणी कन्फेशनमध्ये फादरांना विचारलं नव्हतं. तिथेच सगळा घोळ झाला.

सुरुवात केली रोझमेरीने. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका शुक्रवारी ‘क्रूसाची वाट’ ही प्रार्थना आटोपून ती अंधार पडल्यावर चर्चवरून पायी घरी येत होती. मागून तिचे थोरले दीर, सेबॅस्टियन सर, आपल्या जुन्या मॉरिस गाडीतून येत होते. वाडीच्या वळणावर गाडीचा धक्का लागला आणि रोझमेरी कडेच्या कर्दळीत पडली. मनगट मोडलं. माणसं धावली, तेव्हा सर गाडीचं दार धरून उभे होते. तोंडात एकच वाक्य होतं, मला दिसलीच नाही, मला दिसलीच नाही. ज्या माणसाने अर्ध्या गावाला बाराखडी शिकवली त्याची ती दशा रोझमेरीला बघवेना. कर्दळीत पडल्यापडल्याच ती म्हणाली, “दिसणार कशी? त्या गाडीला दिवे आहेत कुठे? नुसत्या पणत्या.”

सगळ्यांनी ते वाक्य वरच्यावर झेललं. सरांनीही झेललं. सकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळलं की मॉरिसची वायरिंग जुनी झाली आहे, दिवे बसले आहेत, सरांचा काही दोष नाही. ती वायरिंग आपल्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने केली आहे, हे रोझमेरीला प्लास्टर घालून घेताना आठवलं. तोवर फार उशीर झाला होता.

पॉल हा सरांचा धाकटा भाऊ. रेल्वेच्या वर्कशॉपात वायरमन म्हणून त्याने जन्म काढला. एकाच आईची दोन मुलं, पण गावाने थोरल्याला ‘सर’ केलं आणि पॉलला पॉलच ठेवलं. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही, कारण मॉरिसचं बॉनेट उघडलं की सर बाजूला उभे राहायचे आणि पॉल सांगेल ते पान्हे हातात द्यायचे. अपघातानंतर पॉल एकदाच बोलला. दिवे नीट आहेत, म्हणाला. त्यावर सरांचा मुलगा लेस्ली समजुतीच्या सुरात म्हणाला होता, जाऊ द्या काका, जुनी गाडी आहे, होतं असं कधीतरी. न केलेल्या चुकीची माफी मिळण्याइतका दुसरा अपमान नाही. खरं बोलायचं म्हणजे बायकोला खोटं पाडायचं आणि भावाला आंधळा म्हणायचं. त्याने दोन्ही केलं नाही. फक्त मधलं कुंपण ओलांडून या अंगणात येणं बंद केलं.

आता अनिशाचं लग्न तोंडावर आलं होतं. लेस्लीची ही एकुलती एक मुलगी. मॉरिस घरात आल्यापासून दोन्ही घरांतली प्रत्येक नवरी तिच्यातूनच चर्चला गेली होती आणि प्रत्येक वेळी स्टिअरिंगवर सर होते. यंदाही मीच नेणार, हे त्यांनी पाहुण्यांना आमंत्रणं देतानाच जाहीर करून टाकलं होतं. नको म्हणणार कोण? लेस्लीने तोडगा काढला. लग्नाआधी गाडीची सगळी वायरिंग काढून नवी घालायची आणि दिवे एलईडी करायचे. सगळ्यांना ते पटलं. आजाराला हात न लावता औषध दिल्याचं समाधान त्यात होतं.

*

शनिवारी मांडव घालायला भाऊबंद जमले होते. आल्बिना, लेस्लीची बायको, बांबू उतरवणाऱ्यांना चहा देत होती, पण तिचा एक डोळा ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे होता. सर बशीत चहा ओतत होते आणि धार बशीच्या कडेवरून खाली लुंगीवर चालली होती. आल्बिनाने काही न बोलता बशी सरकवली. असं सरकवणं आता तिच्या हाताला सवयीचं झालं होतं. वर्तमानपत्र ते उघडून बसायचे आणि पान उलटायला विसरायचे. मिस्साचं पुस्तक हातात धरून पाठ असलेल्या प्रार्थना म्हणायचे. एकदा तिने डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय काढला होता. सर इतके शांत झाले, की तिने लगेच तो विषय स्वतःच्या चष्म्यावर वळवला. त्याची तिला आजही लाज वाटत होती. पण लग्न होऊन जाऊ दे मग बघू, असंही ती स्वतःला सांगत होती.

मॉरिस सातिवलीच्या गॅरेजमधून आली तेव्हा उन्हं उतरली होती. लेस्लीने ती मांडवासमोर, फाटकाकडे तोंड करून लावली. लोक कामं टाकून भोवती जमले. अनिशाने कुंपणापलीकडे जाऊन पॉलला आणि रोझमेरीला ओढून आणलं. नवरी स्वतः बोलवायला आल्यावर पॉलला नाही म्हणता आलं नाही. तो आला, पण मांडवाच्या कडेच्या खांबाशी उभा राहिला. रोझमेरी मनगटाला क्रेप बँडेज बांधून बायकांत उभी राहिली.

अंधार पडायला लागला तसं लेस्लीने बटण दाबलं.

पांढराशुभ्र उजेड पडला. वाडीतल्या केळी मुळापासून शेंड्यापर्यंत दिसायला लागल्या, फाटकाच्या गंजाचे पापुद्रे दिसले, पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून निघून गेलं. बायकांनी डोळ्यांवर हात धरले. मग कौतुक सुरू झालं. आता सुई पडली तरी दिसेल, आता रात्री गुजरातपर्यंत जा, असं चाललं होतं. लेस्ली उत्साहाने समजावू लागला. जुन्या बल्बला वायर कशीही जोडली तरी तो पेटायचा, पण एलईडीला प्लस आणि मायनस बरोबर लागतं, आणि ही जुनी विलायती गाडी तर पूर्ण उलटी. हिच्या बॉडीला प्लस जोडलेला होता. ते सगळं फिरवून घेतलं. इंडिकेटर आधी भराभर लुकलुकायला लागले, कारण एलईडी करंट कमी खातात, म्हणून त्याचा फ्लॅशरसुद्धा बदलला.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण कौतुक अंगावर आलं की लेस्लीला थांबता येत नाही, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. शिवाय समोर पॉलकाका गप्प उभे होते आणि ती शांतता त्याला सोसवत नव्हती.

“काका, बरं झालं काढली,” तो म्हणाला. “आतली वायर सगळी सडली होती.”

लेस्लीला खरं काय ते माहीत होतं. गॅरेजमध्ये वायर काढण्याआधी त्याने स्वतः मीटर लावून पाहिला होता. दोन्ही दिव्यांशी करंट पुरेपूर येत होता. प्रत्येक सांधा डाग देऊन पक्का केलेला, वरून कापडी टेप, कुठे एक धागा सुटलेला नाही. तो बराच वेळ मीटरकडे बघत उभा राहिला होता. तिथूनच गाडी परत आणायला हवी होती. पण मग घरी काय सांगायचं? दिवे चांगले आहेत हे सांगायचं तर पुढचं वाक्य आपोआप येतं. म्हणून त्याने सगळं काढून टाकायला सांगितलं आणि भंगारात गेलेल्या वायरींकडे वळून पाहिलं नाही.

पॉलने खांबावरचा हात काढला. “कुठली सडली होती?”

“म्हणजे?”

“डाव्या दिव्याची की उजव्या?”

आता माघार कशी घ्यायची? “डाव्या,” लेस्ली म्हणाला.

“डाव्या दिव्याची वायर मी नाताळाच्या आधी नवीन टाकली,” पॉल म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. “तू टॉर्च धरून उभा होतास.”

बांबू धरलेले हात तसेच राहिले. कोणी कोणाकडे बघेना. लेस्लीच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं आणि त्या पांढऱ्या उजेडात ते सगळ्यांना दिसलंही. पॉल पाठ फिरवून केळींच्या मधल्या वाटेने घराकडे गेला.

*

सरांनी हे सगळं ऐकलं. ओट्यावरून उठून ते भिंतीच्या आधाराने गाडीपाशी आले होते आणि बॉनेटवर हात ठेवून उभे होते. भावाचा आवाज खांबाच्या बाजूने आला, एवढं त्यांना कळलं. तो गेलेला त्यांना दिसला नाही.

एखादा शहाणा माणूस त्या क्षणी बोलला असता. सरांना बोलायचं होतं. पण तोंड उघडलं तर नुसती वायर निघणार नव्हती, त्यामागून गाडी जाणार होती, अनिशाची वरात जाणार होती, आणि मग ओट्यावरच्या खुर्चीशिवाय हातात काही उरणार नव्हतं. शिवाय एक वेडी आशाही होती. दिवे खरंच मंद असतील तर? इतका उजेड पडल्यावर नजरेच्या मधोमध येणारा तो डाग कदाचित निघून जाईल. उपासकाळापासून त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं. माणूस आपणच बोललेल्या खोट्यावर किती लवकर विश्वास ठेवायला लागतो, याची त्यांना स्वतःलाच शरम वाटत होती.

“वाडीबाहेरच्या क्रूसापर्यंत एक फेरी मारून येतो,” ते म्हणाले आणि दार उघडून आत बसले.

आल्बिना पुढे झाली. पपा, उद्या सकाळी जा, आत्ता जेवणं व्हायची आहेत, असं काहीबाही म्हणू लागली. लेस्लीने मान खाली घातली होती. त्याने थोपवायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने थोपवणार? दिवे दिवसासारखे झाले आहेत असं आत्ताच तो स्वतः सगळ्यांना सांगत होता. तेवढ्यात पलीकडचं दार उघडून अनिशा आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. तिला वाटलं, मी सोबत असले की आजोबा सावकाश चालवतील. इंजिन सुरू झालं.

रोझमेरी बायकांच्या घोळक्यात उभी राहून हे बघत होती. नवरा तिच्यासमोरूनच पाठ फिरवून गेला होता. त्याने तिला एका शब्दानेही कधी विचारलं नव्हतं की तू असं का बोललीस. रोज तिचं बँडेज बांधून द्यायचा, बटाटे चिरून द्यायचा, आणि विचारायचा नाही. आपण दयेपोटी एका भावाला वाचवलं आणि दुसऱ्याला विकलं, हे तिला रोज त्या चिरलेल्या बटाट्यांत दिसायचं. आणि आता त्याच खोट्याच्या भरवशावर ही पोरगी त्या गाडीत जाऊन बसली होती.

ती घोळक्यातून निघाली आणि फाटकात जाऊन उभी राहिली. अगदी मधोमध, दोन्ही दिव्यांच्या पूर्ण झोतात, गाडीकडे तोंड करून. डोळे दिपत होते तरी तिने हात वर केला नाही. काही बायका पुढे धावल्या, पण तिने मानेनेच त्यांना नको म्हटलं.

गाडीच्या काचा उतरवलेल्या होत्या. आतला आवाज बाहेर स्पष्ट येत होता.

“आजोबा,” अनिशा हळूच म्हणाली, “फाटकात कोण आहे?”

सर पुढे वाकले. कडेच्या केळी लखलखत होत्या, उजवीकडे मांडवाचा बांबू होता, डावीकडे विहिरीचा कठडा होता. मध्ये नुसता पांढरा धूर. आधी तो पिवळा असायचा, एवढाच फरक पडला होता.

“कोण असणार?” ते म्हणाले. “रस्ता मोकळा आहे.” आणि त्यांनी गिअर टाकला.

अनिशाने चावी फिरवून काढून घेतली. इंजिन आचका देऊन बंद पडलं. दिवे मात्र तसेच राहिले, कारण त्यांचं बटण वेगळं होतं, आणि ते विझवायला कोणी पुढे झालं नाही. सगळे त्या उजेडात उभे होते. आल्बिनाने पदर तोंडाला लावला.

“सर,” रोझमेरी फाटकातून म्हणाली, “मी समोर उभी आहे. त्या दिवशीही दिवे चांगले होते. मी खोटं बोलले.”

आवाज इतक्या जवळून आणि इतका समोरून आला की सर दचकले. मग त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. शाळेत कॉपी करताना पकडल्या गेलेल्या पोराने ठेवावेत तसे. अनिशा रडत होती. तिने चावी त्यांच्या मुठीत परत दिली, कारण ती स्वतःजवळ ठेवणं तिला जमेना.

ते खाली उतरले. मांडवाच्या खांबाशी एक उंच माणूस उभा होता, कडेच्या नजरेने एवढंच कळत होतं. सर त्याच्याकडे गेले, चावी पुढे केली आणि सगळ्यांच्या देखत, वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, “पॉल, तुझ्या कामात खोट नव्हती. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी तुझ्यावर ढकललं.”

लेस्लीला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. हे शब्द ऐकायला तोच का उभा राहावा तिथे? क्षणभर तो गप्पच राहिला, कारण त्या गप्प राहण्यात वडिलांची लाज झाकली गेली असती. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तेच करतो आहोत.

“पपा, मी लेस्ली,” तो म्हणाला. “काका मघाशीच गेले.”

सरांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. “मग मला तिकडे ने,” ते म्हणाले. आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाचा दंड धरला.

*

पॉल पुढच्या खोलीत टेबलाशी बसला होता. दार उघडं होतं. केळींमधून भाऊ येताना त्याने पाहिला, लेस्लीच्या दंडाला धरून, पाय चाचपत टाकत येणारा. मागे रोझमेरी होती. पॉल उठला नाही. या या म्हणायची त्याची इच्छा नव्हती. इतके दिवस त्याने या भेटीत काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, आणि त्यातला एकही शब्द सोडायचा नाही असं ठरवलं होतं.

सर उंबऱ्याच्या आत येऊन उभे राहिले. बसा म्हटलं नाही म्हणून बसले नाहीत. मघाचीच वाक्यं त्यांनी पुन्हा म्हटली, या वेळी हळू आवाजात. मग लेस्लीने मीटरचं सांगितलं. काका, मला गॅरेजमध्येच कळलं होतं, मी सगळ्यांसमोर खोटं बोललो, मला माफ करा, असं तो जमिनीकडे बघत म्हणाला.

“त्यांना बोलायचं तेवढं बोलून झालं,” पॉल रोझमेरीला म्हणाला. “तुलाही काही सांगायचंय?”

रोझमेरी म्हणाली, “तुम्ही विचारलं असतं तर कधीच सांगितलं असतं.”

“विचारायला भीती वाटत होती,” पॉल म्हणाला. हे वाक्य त्याने घोळवून ठेवलेल्यांतलं नव्हतं.

सर म्हणाले, “अनिशाला चर्चला तू ने.”

“मी नाही,” पॉल म्हणाला. “आधी माझं काम सडकं ठरवलंत, आता गळ्याशी आल्यावर माझी आठवण झाली. माझ्या हातची एक वायर राहिली नाही त्या गाडीत. मी कशाला तिला हात लावू?”

“बरं,” सर म्हणाले. “चावी तरी ठेवून जातो. नंतर ठरव.”

ते टेबलाकडे वळले आणि चावी टेबलावर ठेवली. म्हणजे टेबलाच्या अलीकडे, हवेत. चावी फरशीवर पडली. आवाज कुठून आला ते सरांना उमगेना. हात तसाच तरंगत राहिला, टेबल शोधत, आणि टेबल पुढ्यातच होतं.

लेस्लीने तोंड फिरवलं. पॉलने मात्र ते पूर्ण पाहिलं. याची नजर कमी झाली आहे, हे त्याला सगळ्यांआधी कळलं होतं. पण कमी म्हणजे इतकी? आपण कुंपणापलीकडे बसून वायरीचा राग कुरवाळत राहिलो, आणि आपल्या सख्ख्या भावाला समोरचं टेबल दिसेनासं झालं. त्या अंगणात रोज एकदा गेलो असतो तर चहाच्या कपावरूनही समजलं असतं. त्याला भावाचा राग होता तो क्षणात कुठल्या कुठे गेला आणि स्वतःची लाज वाटायला लागली.

त्याने वाकून चावी उचलली आणि मुठीत ठेवली. मग भावाचा हात धरून टेबलाच्या कडेवर टेकवला, त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसला.

“किती दिसतं रे दादा तुला?”

हा प्रश्न इतक्या दिवसांत त्या दोन घरांतल्या कोणीही विचारला नव्हता. 

“कडेकडेचं दिसतं,” ते म्हणाले. “तुझी खिडकी दिसते. दारात रोझमेरी आहे, ती दिसते. ज्याच्याकडे सरळ बघावं, तोच जातो. आत्ता तू नाहीस.”

पॉल उठला. आपली खुर्ची उचलून त्याने भावाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसला.

“आता?”

सर भिंतीकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“आता आहेस,” ते म्हणाले.